हमिंगबर्ड आणि सासूबाईंचं अळू

ऐका, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नंतर ठसका लागला तर मला बोलू नका. शिकलेला माणूस किती गाढव असू शकतो, त्याचा पुरावा तुमच्यासमोर बसलाय. इंजिनिअर आहे मी, तोही पुण्याचा. आता काय बोलायचं?

लॉकडाऊनचं पहिलं वर्ष, आम्ही ऑस्ट्रेलियात, वेरिबीला. तेव्हा आठवतंय ना, प्रत्येकाच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. पलीकडच्या गल्लीतला देशपांडे पाव भाजायला लागला आणि ते दगड लोकांच्या दाराशी ठेवून पळायला लागला. निम्मे लोक विषाणूतज्ज्ञ झाले. मी म्हटलं, आपणच का मागे राहायचं? मी कॅमेरा बाहेर काढला.

घरात आम्ही तिघं. मी, बायको मुग्धा आणि सासूबाई. सासूबाई ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या होत्या. नाना, म्हणजे माझे सासरे, तिकडे ठाण्यात एकटे खिचडी खात होते.

सासूबाईंचा सगळा जीव मागच्या अंगणातल्या अळूत. आल्या आल्या त्यांनी इंडियन शॉपमधून कंद आणून टबात लावला होता. थंडी-वाऱ्यातून जपून जपून त्याला अकरा पानं आली होती, चांगली सुपाएवढी. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी अळूवड्या होतात. यंदा नाना तिकडे, वड्या इकडे.

"निदान कॉलवर तरी दाखवीन त्यांना," त्या म्हणाल्या. वाढदिवसाला अजून तीन आठवडे होते.

आणि एके दिवशी संध्याकाळी मला तो दिसला. कुंडीतल्या पेटुनियाच्या फुलासमोर हवेत एका जागी थांबलेला, पंख नुसते धूसर, लांब चोच फुलात. दोन सेकंदांत गायब.

"मुग्धा, हमिंगबर्ड!"

"प्रसादराव," सासूबाई किचनमधून म्हणाल्या, "तो अमेरिकेत असतो ना? आमच्या शाळेच्या पुस्तकात होता."

"आई, पुस्तकं जुनी झाली तुमची. क्लायमेट चेंज."

आता बघा, गुगलला विचारायला किती वेळ लागतो? पण ज्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तो कशाला विचारेल? मी गुगलला एवढंच विचारलं की उडता हमिंगबर्ड काढतात कसा.

तर त्याचं तंत्र असं. पंख इतके जोरात हलतात की कॅमेऱ्याच्या शटरला ते पकडता येत नाहीत. म्हणून जागा सावलीत घ्यायची, चारी बाजूंनी फ्लॅश लावायचे आणि सगळे अगदी कमी ताकदीवर ठेवायचे. फ्लॅशची ताकद जितकी कमी, तितका कमी वेळ तो चमकतो, आणि तेवढ्या क्षणात पंख हवेत गोठतात. मी ऑनलाइन पाच फ्लॅश मागवले. तीन कपडे वाळत घालायच्या, छत्रीसारख्या गोल फिरणाऱ्या दांडीला बांधले, दोन स्टुलांवर ठेवले. एका फुलासमोर कॅमेरा रोखला आणि त्याच फुलात औषधाच्या ड्रॉपरने साखरपाणी सोडायचं ठरवलं.

"नुसतं साखरपाणी?" सासूबाई म्हणाल्या. "दारी आलेल्याला असं फिक्कं देतात का? चिमूटभर वेलची घालते."

राहिलं बॅकग्राउंड. हिरवं पाहिजे, मऊ पाहिजे. मी अळूचा टब ओढत आणला आणि फुलाच्या बरोब्बर मागे ठेवला.

पहिल्या संध्याकाळी वारा सुटला. दांडी गोल फिरली आणि तिन्ही फ्लॅश शेजारच्या केव्हच्या खिडकीत कडकडले. केव्ह म्हणजे सत्तरीचा रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर. तो फेन्सवरून डोकावला.

"ऑल गुड, मेट? वेल्डिंग?"

"हमिंगबर्ड," मी म्हणालो.

"इन वेरिबी?"

"येस."

त्याने एकदा दांडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "नो वरीज," म्हणाला आणि आत जाऊन पडदे ओढले. इथे इतकी वर्षं काढल्यावर मला तेव्हाच कळायला हवं होतं, की 'नो वरीज' कधीकधी वेड्यालाही म्हणतात.

पक्षी मात्र रोज यायचा, दिवेलागणीला. वेलचीचं साखरपाणी प्यायचा, मागे अळूत शिरायचा, परत यायचा. मी शंभर फोटो काढले, शंभरात नुसती शेपटी किंवा नुसती हवा. तरी मी नानांना फोन करून सांगून टाकलं, "नाना, ऑस्ट्रेलियातला पहिला हमिंगबर्ड तुमचा जावई काढतोय." नानांनी ते अख्ख्या सोसायटीला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाई आल्या तोंड बारीक करून.

"पानांना भोकं पडलीत हो. अळी लागलीय. कडुनिंबाचं तेल फवारते."

"खबरदार! पक्ष्याला विषबाधा होईल."

"अहो, पण माझं अळू..."

"आई, हमिंगबर्ड किडेही खातो. तोच खाईल तुमच्या अळ्या. नैसर्गिक उपाय आहे हा."

बघा, काय आत्मविश्वास! त्या मुग्धाकडे वळल्या. मुग्धा म्हणाली, "आई, राहू दे, नाहीतर हा महिनाभर तेच ऐकवेल." शेवटच्या चार दिवसांत तर मी दोघींना अंगणात यायलाच बंदी घातली. पक्षी बुजतो म्हणून. मी स्वतः समोर बसायचो, पण कॅमेऱ्यातून मला मागे नुसता हिरवा धूसरपणा दिसायचा, आणि मी म्हणायचो, वा, काय बॅकग्राउंड आलंय.

शनिवारी संध्याकाळी तो सापडला. पाचही फ्लॅश एकदम, पंख गोठलेले. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर बघून मी अंगणात नाचलो.

रविवारी दुपारी कॉल. नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. इकडे सासूबाईंनी चिंच-गुळाचं पीठ कालवून ठेवलेलं, पानं कॉल चालू असतानाच कापायची होती, नानांसमोर.

"थांबा," मी म्हटलं, "आधी माझा फोटो." आणि टीव्हीवर लावला, पंचावन्न इंची.

फोटो अप्रतिम होता, खोटं नाही सांगत. एकेक केस दिसत होता. हो, केस. पिसं नव्हती.

नाना चष्मा सारखा करून म्हणाले, "प्रसादराव, फोकस उत्तम आहे. पण याला मिशा आहेत का हो?"

सासूबाई टीव्हीजवळ गेल्या आणि बोटाने मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." मग माझ्याकडे वळल्या. "पक्ष्याला पाय किती असतात, जावईबापू?"

चोच म्हणजे सोंड होती. पतंग होता तो. दिव्यावर येतो तसला, जरा खात्यापित्या घरचा.

घाबरून मी पुढचा फोटो लावला, तर तो आणखी भयंकर. त्यात पतंग अळूवर बसून, पोट वाकवून, अंडं घालत होता. तेही एकदम स्पष्ट.

सासूबाई फोन उचलून नानांसकट अंगणात गेल्या. मी मागोमाग. टबात अकरा देठ उभे होते, पान एकाही देठावर नव्हतं. आणि देठांवर बोटाएवढ्या जाड, तुकतुकीत अळ्या पसरल्या होत्या. माझ्याच वेलचीच्या पाहुणचारावर वाढलेल्या आईची लेकरं.

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे ती बाई सांगत होती, आणि मी तिला निसर्ग शिकवत होतो.

"अगं, देठ आहेत ना?" फोनमधून नाना म्हणाले. "देठी कर. मला तीही आवडते."

"तुम्ही कुठे आहात खायला?" त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "प्रसादराव, विचारा तरी त्या अळ्यांना, पानं खाजरी नव्हती ना?"

नाना जे हसायला लागले ते थांबेचनात. मुग्धा दाराला धरून हसत होती. कॉल बंद होईपर्यंत सासूबाईही हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही.

देठ वाचवायचे तर अळ्या हातानेच काढायला हव्या होत्या, आणि त्या कोणी काढायच्या, हे विचारायची गरज नव्हती. मी ग्लव्ह्ज घालून, डबा घेऊन टबासमोर उकिडवा बसलो. पहिलीच अळी चिमटीत धरली तर तिने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. मी डबा टाकून मागे पडलो.

पायरीवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरता काय, फोटो काढा. ही उडत नाही, एका फ्लॅशमध्ये येईल."