गोकर्णीच्या वेलाला वाफ

अकोल्याहून निघताना माझ्याकडे एक पिशवी आणि एक पुठ्ठ्याची नळी एवढंच सामान होतं. पिशवी हरवली असती तरी चाललं असतं. नळीत आमच्या हिनं रंगवलेला शेवटचा रेशमी स्कार्फ होता, आणि तो अजून कच्चा होता.

रेशमावर रंगवलेल्या फुलांना वाफ द्यावी लागते. तोवर रंग नुसता वर बसलेला असतो, पाण्याचा थेंब पडला तरी फूल विस्कटतं. हे मला कळायचं कारण असं, की ही एकदा भाचीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला गेली आणि शाहूपुरीतल्या कांबळेबाईंच्या क्लासात ही विद्या शिकून आली. बाळंतपण भाचीचं आणि डोहाळे हिला, असं मी तेव्हा म्हणत असे. रंगवणं जमलं, वाफ काही जमली नाही. पहिला स्कार्फ तिनं कुकरात घातला आणि त्याची दशा झाली. तेव्हापासून रंगवलेले स्कार्फ ती पार्सलनं बाईंकडे पाठवायची आणि ते पक्के होऊन परत यायचे. शेवटचं वर्षभर दुखण्यात पार्सल गेलंच नाही, म्हणून हा एक राहिला. मार्चमध्ये ती गेली. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा पोस्टावर विश्वास असतो, पण ही नळी माझ्यानं पोस्टात टाकवेना.

पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. गाडीत एकानं विचारलं, नळीत नकाशा आहे का. मी हो म्हणून सोकावलो. पुढे जो विचारेल त्याला नकाशाच सांगितला.

कोल्हापूर जवळ आलं तसा उसाच्या फडांवरून गुऱ्हाळांचा वास खिडकीतून यायला लागला. हा वास ती घरी कितीदा सांगायची. मी पेपर वाचत हूं म्हणायचो. आता वास येत होता आणि सांगायला शेजारी एक झोपलेला कंडक्टर होता.

स्टँडजवळ लॉज घेतला आणि जेवायला गेलो. तांबड्या रश्श्याचा शिंतोडा उडू नये म्हणून नळी समोरच्या खुर्चीवर नीट उभी केली. वाढप्यानं दोन ताटं मांडली, दोन पेले भरले. मी एकटाच आहे म्हटल्यावर तो खुर्चीकडे बघून म्हणाला, "जागा धरलीया न्हवं पावणं, म्हटलं कोणतरी येनार." त्यानं ताट उचललं, पेला तसाच राहिला. रस्सा तिखट आहे असं ऐकून होतो. आम्ही वऱ्हाडातले, आम्हाला कोण भिववणार? पण पांढरा रस्सा मात्र असा मायेनं वाटीत ओतत होते की नको म्हणता येईना. चार लोकांत बसून मी पोटभर जेवलो आणि इतकं एकटं मला घरीही वाटलं नव्हतं.

सकाळी शाहूपुरीत गेलो. पंपांच्या दुकानांची गल्ली, वर जिना, जिन्याशी उंबराचं झाड, सगळं तिनं सांगितलं होतं तसंच. जिन्यावर पाटी मात्र कॉम्प्युटर क्लासची होती. खालच्या दुकानदारानं सांगितलं, की मॅडम वर्षापूर्वी क्लास बंद करून गडहिंग्लजला भावाकडे गेल्या. "कपड्यावर फुलं कोन काढतंय आता? पोरी समद्या माऊस धरून बसल्यात." मग माझा चेहरा बघून त्यानं चहा मागवला आणि गाडी कुठून मिळेल तेही सांगितलं.

गडहिंग्लजची एसटी खच्चून भरली होती. शेजारच्या आजींची पाण्याची बाटली गळत होती आणि माझ्या मांडीवर धार येत होती. मी नळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो. आजींनी विचारलं, काय हाय त्यात? नकाशा, असं मला म्हणता आलं नाही. बायकोनं काढलेली फुलं आहेत, म्हटलं. त्यांनी गळकी बाटली खिडकीबाहेर रिकामी केली आणि मला सरकून जागा दिली.

कांबळेबाईंचं घर बाजारामागच्या आळीत. शेजारपाजारचे त्यांना अक्का (मोठी बहीण, ही कानडीची सोबत) म्हणतात. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली शिवणयंत्र, कोपऱ्यात उंच पत्र्याचा डबा. नळी बघताच त्यांनी ओळखली. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाल्या, "ताई न्हाय आल्या?"

मला वाटलं होतं, हे सांगायचं काम एव्हाना संपलं असेल. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी आत जाऊन पाणी आणलं आणि आधी नळी माझ्या हातातून काढून दूर ठेवली, मग पेला दिला.

स्कार्फ फ्रेमवर ताणला. आमच्या कुंपणावरचा गोकर्णीचा वेल, निळीच निळी फुलं. कोपऱ्यातल्या एका फुलाची नुसती रेघ होती, रंग भरायचा राहून गेला होता. ही रेघ डिंकासारख्या बिनरंगी द्रावणाची असते, रंग तिच्यापाशी थांबतो. बाई म्हणाल्या, भरायचं का तसंच ठेवायचं, ते तुम्ही सांगा. मी फ्रेमजवळ सरकलो. त्यांनी निळा कालवला आणि कुंचला माझ्या हातात दिला. "नुसता टेकवा. रंग आपला आपुन जातुय."

टेकवला. निळा आपणहून पसरत गेला, रेघेपाशी आला आणि थांबला. तिची रेघ माझा रंग अडवत होती. मी श्वास सोडला न सोडला, तोच पाकळीच्या टोकाला रंग बाहेर निसटला आणि पांढऱ्यावर एक डाग पडला. इतक्या लांब सांभाळून आणलं आणि माझ्याच हातानं घाण केली. बाईंनी रेशीम उजेडाकडे धरून बघितलं. तिथं रेघेत फट होती. "हात हलला असंल ताईंचा," त्या म्हणाल्या. "हलू दे."

शेवटी शेवटी तिचा हात खूप हलायचा. चहाचा कप मी धरायचो.

रंग वाळल्यावर त्यांनी स्कार्फ कागदात गुंडाळला, डब्यात टांगला, झाकणाखाली जाड कापड बांधलं, कारण वाफेचं पाणी ठिबकलं की सगळं मुसळ केरात. दुपारभर डबा चुलीवर होता. मला त्यांनी भाकरी आणि वरणं (पावट्यासारखे दाणे) वाढले. ताई क्लासात सगळ्यांत जास्त बोलायच्या, हे मला तिथं कळलं. घरी ती फारशी बोलत नसे, असं मी समजत होतो.

मग स्कार्फ परातीतल्या पाण्यात सोडला. रंग हलला नाही. पण फुलांभोवतीची रेघ विरघळायला लागली. मी हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

"रेघ जातीच की, भावजी. ती रंग थांबवायपुरतीच असती. तिची जागा तेवढी पांढरी ऱ्हाती."

वाळलेला स्कार्फ त्यांनी इस्त्री केला, नळीवर गुंडाळला आणि सवयीनं बोलून गेल्या, "पुढला रोल जरा घट्ट गुंडाळून पाठवा म्हनावं त्यांना." मग त्यांचे हात थांबले. निघताना त्या स्टँडपर्यंत आल्या आणि गाडी सुटेपर्यंत उभ्या होत्या.

परतीच्या वाटेवर नळीत काय आहे, असं कुणी विचारलं नाही. आता पाण्याची भीती नव्हती, तरी मी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर स्कार्फ बादलीत भिजवून बघितला. पाणी नितळ राहिलं. बघ, म्हणून मागं वळलो आणि मग तो मुकाट्यानं दोरीवर टाकला. माझं फूल डागासकट त्यात आहे. कुंपणावरचा वेल यंदाही निळा झालाय, त्याला कुणी काही कळवलेलं नाही.

तिच्या कपाटात कोऱ्या रेशमाचा एक तुकडा उरला होता. काल तो फ्रेमवर ताणला. वेल काढला आणि रेघेची बाटली हातात घेतली. पहिल्याच पाकळीला हात हलला. हलू दे, म्हटलं, आणि रेघ पुढे ओढली.