राणीच्या शिक्क्याखालचा राजा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या बसस्थानकावर श्रीगोंद्याचीच गाडी शोधत होतो. आदल्या संध्याकाळी त्यांनीच बोलावलं होतं. "मेव्हनं, उद्या या. हुरडा लई झ्याक आलाय." रात्री झोपेतच गेले. हुरड्याला निघालेला मी मातीला पोचलो... महिना उलटला. पण त्यांची आठवण निघाली की रडण्याआधी हसू येतं, त्याला मी काय करू? माणूसच तसा होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. श्रीगोंद्याजवळ त्यांचा ऊस. गावात कुणाला बैलांचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा. दाजींना नाद होता रशियाच्या झार राजांच्या तांब्याच्या नाण्यांचा! मोटरीचा कसला तरी भाग आणायला ते पुण्याला गेले होते. ऊन लागलं म्हणून सावलीला एका हॉलमध्ये शिरले, तर आत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन. तिथे तळहात भरेल एवढं एक नाणं दिसलं, त्यावर दोन डोक्यांचा गरुड. "आरं, ह्यो तर आपला गंडभेरुंड!" मोटरीचा भाग दुकानातच राहिला आणि नाणं घरी आलं. अक्काने कपाळाला हात लावला. "रानात नांगराला शिवराई लागती ती तुमाला दिसत न्हाई, आन रशियाचं तांबं आनताय व्हय?" दाजी म्हणाले, "शिवराई घरचीच हाय. पाव्हन्याला आदी पाट द्यावा."

मग नाणी येतच राहिली, आणि त्यांच्यासोबत गोष्टीही. त्यातली एक दाजींना फार आवडायची. रशियाच्या एका राणीने नवऱ्याला गादीवरून उठवलं आणि त्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली. पण ठसा घाईत बसला असेल तर राणीच्या अक्षरांखालून राजाचे ढोल नि झेंडे अजून डोकावतात म्हणे. असं एक नाणं आपल्याला मिळावं, एवढाच त्यांचा ध्यास. सकाळच्या उन्हात ओसरीवर बसून, भिंग लावून ते एकेक नाणं कलतं करून पाहायचे. अक्का जाता जाता म्हणायची, "बरं केलं तिनं!"

आणि मग तो दसरा. अक्काने घंगाळ, तपेली, देव सगळं चिंच-मीठ लावून घासायला काढलं आणि त्याच हातासरशी दाजींची नाणीही घासली! पाटावर मांडलेली ती लालबुंद रांग मी स्वतः पाहिली. ज्याला या नादातलं कळतं त्याच्या छातीत धस्स होईल असं ते दृश्य होतं, कारण शे-दोनशे वर्षांनी चढलेला काळसर तपकिरी रंग हेच तर जुन्या तांब्याचं वैभव. दाजी रानातून आले आणि पायरीवरच बसले.

"अगं, हे काय केलंस?"

"देव घासलं, म्हटलं राजं पन घासावं. लई कळकटल्यालं हुतं."

दाजींनी एक नाणं उचललं. त्यावर आधी हिरवट काळा थर इतका होता की ठसाही नीट दिसत नसे. त्यांनी ते कलतं केलं, पुन्हा कलतं केलं, आणि ओरडलेच, "मेव्हनं, भिंग आना! ढोल... ढोल दिसतोय!" राणीच्या अक्षरांखाली खरोखरच ढोलाची कड होती, शेजारी झेंड्याचं टोक. साठी ओलांडलेला तो माणूस ओसरीवर नाचला. वर्षानुवर्षं राजा त्यांच्याच घरात होता. गावभर पेढे वाटले, पहिला अक्काला. मोबाईलवरच्या नाणीवाल्या मित्रांनी आधी गळा काढला, मग अभिनंदन केलं.

पण गेलेला रंग दाजींना परत हवा होता. मित्र म्हणाले, ठेवून द्या, हात लावू नका, आपोआप चढेल. दाजी कसले ऐकतात! "तांब्याला मानसाचा घाम लागतो," म्हणून ते नाणं बंडीच्या खिशात घालून फिरू लागले. उसाला पाणी देताना, कारखान्यावर, माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा. मांडवात व्याह्यांपुढे धरून विचारलं, "बघा बरं, काळं पडतंय का?" व्याही बिचारे घाबरून हो म्हणाले. काही वर्षांत कडेला खरंच गुळासारखा रंग आला, मध्ये मात्र लालच. पुरतं काळं झालेलं बघायचंय, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत होते. तेवढं राहून गेलं, आणि तेच मला लागतं.

परवा अक्काकडे गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. बंडी धुऊन दोरीवर घातली होती, म्हणून मी नाण्याचं विचारलं. वाटलं, ठेवलं असेल डब्यात.

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं, कनवटीचं नाणं काढलं आणि उन्हात धरलं.

"कड त्यांनी केली," ती म्हणाली. "मदलं मी करीन."