वाचून केलेली सही

“म्हणजे तू वाचून सही केली,” माझी नात म्हणाली. “तुले सगळं समजत होतं अन् तरी केली. मंग तुह्यात अन् त्या मुनिमात फरक काय राह्यला?”

मी पोळ्या लाटत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, “फरक एवढाच का तो गादीवर बसे अन् मी रेच्यापाशी उभी राहो.”

“हसण्यावारी नेऊ नको, आजी. एक बाई मेली तठी.”

“मले सांगून राहिली का? तिचं लुगडं म्या कापलं पट्ट्यातून.”

तव्यावरची पोळी करपली. नातीने गॅस बंद केला. दारात माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, उभा होता. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, “तुले कोनं इचारलं होतं, माय? गप राह्यली असती तर काय बिघडत होतं?”

कोणी विचारलं नव्हतं हे खरं. मीच तोंड उघडलं आणि तेही मोठेपणासाठी.

माझी नात अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकली. पुढचं शिक्षण तिला विलायतेत घ्यायचं होतं. इतिहास शिकायला कोणी विमानाने जातं का, इथलाच इतिहास तिकडे जाऊन काय शिकणार, असं माझा मुलगा वर्षभर म्हणत होता. मीही म्हणत होते. तिने ऐकलं नाही. इंग्रजीची परीक्षा दिली, गुणपत्रिकांवर विद्यापीठाचे शिक्के आणले, दोन प्राध्यापकांकडून पत्रं घेतली. आता दोन पानं लिहायची उरली होती. आपण कोण, कुठल्या, इतिहास कशासाठी शिकायचा, हे त्या दोन पानांत सांगायचं. जागा आणि शिष्यवृत्ती त्यावरच ठरणार होती आणि शिष्यवृत्तीशिवाय तिचं जाणं होणार नव्हतं. नाही जमलं तर काय, तेही बापाने ठरवून ठेवलं होतं. बी.एड. करायचं आणि नांदगाव खंडेश्वरला मामाच्या शाळेत लागायचं. नात म्हणायची, त्यापेक्षा विहीर बरी. मी म्हणायचे, विहिरीला आता पाणी राहिलं नाही.

त्या दोन पानांसाठी तिने मला धरलं होतं. तरुणपणी मी अकोटला जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. त्या रेच्यात कापूस टाकायचं काम बायांचं. तीन महिने नात माझ्यासमोर फोन ठेवून विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. पट्ट्यात पदर जाऊन एक बाई मेली तेही सांगितलं. नंतर मालकाच्या मुनिमाने कागदावर बायांचे अंगठे घेतले, तेही सांगितलं.

मग ती एका दुकानात गेली. परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे कागद तिथे नीट करून देतात. तिथल्या माणसाने पानं वाचली आणि म्हणाला, आजी भारी आहे, पण तिला अनपढ दाखवा, तिकडे चालतं. नातीने तसं लिहिलं. त्या सकाळी ती बापाला आणि मला त्याचं मराठी करून ऐकवत होती. “माझी आजी निरक्षर होती. कागदावर काय आहे ते तिला कळत नव्हतं. तिचा अंगठा धरून त्यावर उमटवला.”

मी म्हटलं, “निरक्षर कोन? चौथी पास हाव मी. अंगठा म्या उभ्या जन्मात देला नाही. तठीबी सहीच केली होती.”

एवढं बोलले आणि पुढचं सगळं झालं.

“तीन महिने इचारून राहिली मी तुले,” ती म्हणाली.

“बायांनी काय केलं, हे तू इचारलं. बायांनी अंगठे देले. खोटं आहे का?”

“अन् तू?”

“माह्याबद्दल कुठं इचारलं?”

“मले वाटलं, तू बायांमध्येच येते.”

मी कणकेचा गोळा घेतला आणि पुन्हा लाटायला लागले.

झालं होतं ते असं. रेच्यांच्या मागून एक लांब पट्टा फिरायचा. त्याला लोखंडी जाळी होती. दिवाळीच्या सुमाराला ती दुरुस्तीला काढली आणि परत बसवलीच नाही. आमच्या रांगेत आम्ही तिघी होतो. मधली वाकली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला. इंजिन बंद करायला माणूस पळाला तोवर संपलं होतं. दोन दिवसांनी मुनिमाने कागद तयार केला. बाईला पदर खोचायला वारंवार सांगितलं होतं, तिने खोचला नाही, पट्ट्याला जाळी होती, मालकाची चूक नाही. त्याला बायांची साक्ष पाहिजे होती. सगळ्या अंगठ्याच्या. सही करणारी मी एकटी. एक सही असली की खालच्या अंगठ्यांना वजन येतं, असं तो म्हणाला. मी केली. पुढच्या हंगामात मला रेच्यावरून काढून हजेरी मांडायला बसवलं. मेलेल्या बाईच्या घरच्यांना काही मिळालं नाही.

एवढं मी नातीला त्या दिवशी सांगितलं. सगळं नाही सांगितलं.

दुपारी माझ्या मुलाने त्या दुकानातल्या माणसाला फोन लावला आणि नातीलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. तो माणूस म्हणाला, “ताई, आजीला अनपढच राहू द्या. साक्षर आजी कमजोर पडते.”

मुलगा म्हणाला, “ऐकलं? जाऊ दे तसंच. तिकडून कोन येते अकोटले पाहाले?”

नात म्हणाली, “मी पाहीन.” मग माझ्याकडे वळून, “दुसरं कोनी जिवंत हाय का तठी?”

“आमच्या रांगेतली तिसरी. तिनं अंगठा देला नव्हता. तिले त्याच दिवशी काढलं.”

“उद्या जाऊ.”

“मी नाही येत.”

“येशीन,” ती म्हणाली. “नाही आली तर मी लिहीन का आजीनं यायले नाही म्हटलं. तेबी इतिहासच होते.”

अर्ज भरायला चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दर्यापूरवरून अकोटला जाणाऱ्या एस.टी.त बसलो. ती माझ्या शेजारी बसली नाही, दोन बाकं पुढे बसली. तिकीट मात्र माझंही काढलं.

जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागच्या गल्लीत आमच्या रांगेतली तिसरी राहते. मुसलमान घर, दाराशी मुलाचं शिलाईचं दुकान. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण दात सगळे शाबूत. खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी दारात उभी राहिले. तिने मला खालून वर पाहिलं.

“जित्ती हायेस का, बाई? मले वाटलं गेली असशीन.”

“तुले सांगितल्याबिगर कशी जाईन?”

“सांगाची सवय तुले कधीपासून लागली?”

नातीने वाकून नमस्कार केला आणि खाला, म्हणजे मावशी, अशी हाक मारून कशासाठी आलो ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मेथी निवडत राहिली. मग सुनेला म्हणाली, “पोरीले चाय दे. बुढीले पानी दे.”

नातीने विचारलं, “खाला, तुमी अंगठा काहून नाही देला? सगळ्यायनं तर देला.”

“मी हिच्या बोटाकडं पाहून राह्यली होती.”

नातीला कळलं नाही. मला कळलं. पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

“हिनंच वाचून दाखवला ना कागद आमाले,” ती म्हणाली. “मुनीम म्हणे, तुमचीच बाई हाय, तुमची तुमी वाचून घ्या. ही बसली, अन् आमी सगळ्या भोवती. ही एकेका ओळीखालून बोट फिरवे अन् वाचे. बोट फिरे, तोंड चाले. बोट फिरे, तोंड चाले. एका जागी बोट फिरलं अन् तोंड नाही चाललं. मंग पुढं वाचलं. मले अक्षर येत नाही, पर बोट तर दिसते. मी म्हटलं, इसने कुछ खाया. जे खाल्लं ते चांगलं नसन. नाही देला अंगठा.”

नात माझ्याकडे वळली.

“कोणती ओळ?” तिने विचारलं.

“जाळी होती, ती,” मी म्हटलं. “ती ऐकली असती तर एकीनंबी अंगठा देला नसता. साऱ्यायले माहीत होतं जाळी नाही म्हणून.”

“मुनिमानं सांगतलं होतं का गाळाले?”

“नाही. माह्यं मीच गाळलं.”

खाला म्हणाली, “घ्या. पन्नास सालानं पूरा कागद ऐकाले भेटला.” तिची सून हसली. ती हसली नाही. मेथीच्या काड्या तिने सुपात गोळा केल्या आणि नातीला म्हणाली, “लिहाचं तर लिही, बेटी. पर मले बिचारी म्हणून नको लिहू. मी तिकडून निघून भाजी इकली, चार लेकरं वाढवली. बिचारी मी नाही.” मग माझ्याकडे बोट केलं. “हीबी नाही.”

निघताना तिने नातीला मेथीची जुडी दिली. मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये नात माझ्या शेजारी बसली, पण ते फोनसाठी. प्रश्न विचारत होती आणि उत्तरं टिपत होती. कागद केवढा होता, किती बाया बसल्या होत्या, मी आधी मनात वाचला की एकदम मोठ्याने. पोलीस विचारतात तसं. मी आहे ते सांगितलं. आधी मनात वाचला होता. म्हणूनच कुठे गाळायचं ते ठाऊक होतं.

तिने ती दोन पानं नव्याने लिहिली. निरक्षर बायांना फसवलं, असं आधी लिहिलं होतं, ते काढलं. वाचता न येणारीने वाचणारीला पकडलं, हे घातलं. वाचणारी माझी आजी, हेही घातलं. मला मराठीत ऐकवताना तिचा आवाज कोरडा होता. एका जागी तिने लिहिलं होतं की आजीने भीतीपोटी हे केलं.

“ते काढ,” मी म्हटलं.

“काहून?”

“भीती नव्हती. मले हजेरीचं काम पाहिजे होतं. उभं राहून पाय सुजत.”

तिने ते काढलं. हजेरी लिहिली, पायही लिहिले.

माझा मुलगा पेटला. म्हणाला, लोक आईबापाची कीर्ती लिहितात, ही आजीचा गुन्हा लिहून परदेशी पाठवते. घराण्याचं नाव तिकडच्या गोऱ्यांपुढे नागडं करते. मला म्हणाला, “तू नाही म्हण, माय. तुह्यं ऐकन ते.”

मी म्हटलं, “माह्यं कोनी ऐकावं असं म्या काही ठेवलं का?”

तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. दुकानातला माणूस म्हणाला, मी जबाबदार नाही, नाव कापलं जाईल. नातीने त्याच्याकडे जाणं सोडलं आणि अर्ज स्वतःच भरला.

पुढे तिकडच्या एका प्राध्यापक बाईने तिची कॉम्प्युटरवर मुलाखत घेतली. मी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होते. इंग्रजी मला कळत नाही. पण मध्ये बोलणं थांबलं आणि नात दारात आली. म्हणाली, “त्या इचारून राह्यल्या का हे पाठवलं ते तुले माहीत हाय का?”

“हो म्हण.”

“अन् तुही काही हरकत?”

“हरकत हाय म्हण. पर खरं हाय म्हण.”

तिने दोन्ही सांगितलं का एकच, ते मला माहीत नाही.

जागा मिळाली. शिष्यवृत्तीही मिळाली. दुकानातल्या माणसाने तिचा फोटो काचेला लावला आहे, आमच्याकडची विद्यार्थिनी म्हणून. माझा मुलगा आता गल्लीत सांगत फिरतो की मुलगी विलायतेत शिकते, काय शिकते ते सांगत नाही. जाताना ती बापाच्या पाया पडली, देवाच्या पडली. माझ्यापुढे उभी राहिली, माझा पदर नीट केला आणि म्हणाली, “गोळ्या वेळेवर घे.” वाकली नाही. मी वाक म्हटलं नाही.

आता तिला तिकडे या जिनिंगवरच मोठं लिहायचं आहे. मागच्या रविवारी फोन आला होता. सुरुवात नेहमीसारखी, जेवली का, गोळी घेतली का. मग म्हणाली की तुमच्या रांगेतल्या कोण आज आहेत, कोण नाहीत, ते तुझ्या तोंडून पाहिजे, मी टिपून घेते.

मी सांगितलं, या वेळी स्वतःलाही धरून. मधली त्याच दिवशी मेली. तिसरी अकोटला आहे. मी आहे.