माधवच्या खाटेखालचा दगड

माधव गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या शाळेचा शिपाई मुलुंडला आमच्या दारात आला, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "जेवायला यायचा राहिलाच रे..." एवढंच म्हणाली. त्याला आता महिना होईल.

माधव घाटकोपरला इतिहास शिकवायचा. आई लहानपणीच गेलेली, विधवा थोरल्या बहिणीने वाढवलेला. कॉलेजात असताना आमच्याकडे यायला लागला आणि माझ्या आईला सरळ 'आई'च म्हणू लागला, मला न विचारता.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही मुलुंडला घर बांधलं. पाया खणताना एक लांबट दगड निघाला. गवंड्याने तो मोरीजवळ पालथा बसवला आणि आई त्यावर धुणं धुऊ लागली. पुढच्या पावसाळ्यात तो खचला, उलटा केला तर खाली अक्षरं. माधवला बोलावलं. ओल्या फडक्याने पुसत, उकिडवा बसून त्याने तो वाचला. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई... चारचौघांत बघू नये असं चित्र.

"गधेगाळ आहे हा, शिलाहारांच्या वेळचा," तो म्हणाला. "राजाने इथलं शेत देवळाला दिलंय, सारा माफ करून. हे दान जो मोडेल त्याच्या आईला..." पुढचं त्याने बोटाने गाढव दाखवून सांगितलं.

"आईला कशाला?" मी विचारलं.

"अरे, राजा बसलाय ठाण्याला. प्रत्येक शेतावर शिपाई कुठून आणणार? माणूस स्वतःसाठी घाबरत नाही, आईसाठी घाबरतो. फुकटचा पहारा झाला ना."

तो हसला. मला हसू येईना. आत आईला चार दिवस ताप होता आणि आमचं घर त्याच शेतात उभं होतं. ऑफिसात फाइल उघडली तरी मला ते गाढव दिसायचं. रविवारी माधव हातगाडी घेऊन आला. "म्युझियमला देतो," म्हणाला. आईचा ताप उतरला आणि मी सुटलो.

त्यानंतर माधव बदलला. आईला 'काकू' म्हणू लागला. जेवायला बोलावलं की पेपर तपासायचे असायचे. "माझं काय चुकलं रे?" आई विचारायची. "मास्तर शिष्ट झालाय," म्हणून मी उडवून लावायचो. आज त्याची लाज वाटते.

तेराव्याला त्याच्या खोलीवर गेलो, तर खाटेखाली तोच दगड, चित्र भिंतीकडे केलेलं. मी त्याच्या बहिणीकडे, ताईंकडे वळलो.

"म्युझियमला नेलाच नाही त्याने," ताई म्हणाल्या. "म्हणाला, हा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नको. आपल्याला कुठे आई आहे, इथेच राहू दे. आता मी गावी चाललेय. तूच ने रे बाबा."

म्हणजे मला हसून दाखवणारा तोही घाबरला होता. 'काकू' मला तेव्हा कळलं. माझ्या आईला 'आई' म्हटलं असतं, तर त्याला आई झाली असती. मी दगडाला हातसुद्धा न लावता घरी आलो.

आठ दिवस गप्प बसलो. मग आईला सगळं सांगितलं.  पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "दगड घरी आण. माझ्या मुलाची वस्तू आहे ती."

रविवारी हातगाडी सांगितली आहे. आईने मोरीजवळची जागा धुऊन ठेवली आहे. मला अजून भीती वाटते.