पाटीवरचं शून्य

मैदानावर सगळे त्याला पाटीवाला म्हणत. गोल झाला की गुणफलकाच्या खिळ्यावर पुढच्या आकड्याची पत्र्याची पाटी अडकवायची, एवढंच त्याचं काम. पण एकतीस वर्षांचा तोरा बघावा. चेंडू जाळ्यात शिरतो न शिरतो तोच पाटी वर, लोकांची आरोळी मागाहून. त्याची लेक लहानपणी तिथेच शिडीवर बसून सामने बघायची. तिच्या लेखी पंचबिंच सगळे झूठ. बाबांनी पाटी लावली की गोल.

मग व्हिडिओ पंच आले. कुठल्याशा बंद खोलीत तोच गोल दहादा बघून निकाल देणारे. गुणफलकावर एक हिरवा दिवा बसला, गोल पक्का ठरला की लागणारा. पहिल्याच महिन्यात सवयीने पाटीवाल्याने दोनदा घाई केली, दोन्ही गोल रद्द झाले आणि पाट्या भर मैदानासमोर उतरवाव्या लागल्या. लोक खो खो हसले.

"काका, दिवा लागल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही," व्यवस्थापकाने बजावलं. "आता पुन्हा झालं तर शिडीवर दुसरा माणूस चढेल."

आणि बरोबर त्याच हंगामात लेक तिथल्याच महिला संघात निवडली गेली.

तिसऱ्या सामन्यात तिने दोघींना हूल देऊन चेंडू डाव्या पायाने जाळ्याच्या कोपऱ्यात घातला. पाटीवाल्याचा हात एक आकड्याच्या पाटीवर पडलासुद्धा. तेवढ्यात दिवा आठवला आणि हात थिजला. लोक अर्धवट उठले होते, ते मैदानातल्या नव्या मोठ्या पडद्याकडे बघत पुन्हा टेकले. चार मिनिटं गेली. या माणसाने इतका वेळ एका दिव्याकडे जन्मात पाहिलं नसेल. दिवा लागला, पाटी लागली, सभेत वाजतात तशा टाळ्या वाजल्या. आणि मग त्याच्या लक्षात आलं. लेकीचा पहिला गोल, आणि आपण ओरडलोच नाही! त्याने तोंड उघडून बघितलं. आवाज फुटेना.

घरी लेक बूट सोडत बसली होती.

"गोल झकास होता हं," तो म्हणाला.

"मी आधी तुमच्याकडेच बघितलं, बाबा. पाटीवर शून्यच होतं. म्हटलं, नाहीच झाला."

"अगं, दिवा लागला नव्हता..."

"कळतं हो मला. पण दिवा लागला तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते. मैत्रिणीने हलवून सांगितलं."

"मग ओरडलीस की नाही?"

"तोवर काय ओरडणार? तुम्ही ओरडलात?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं, पण जीभ रेटेना. त्याने नकारार्थी मान हलवली.

आई कप पुसता पुसता दारात थबकली. सामना तिने टीव्हीवर पाहिला होता. "मीही निकालाची वाट बघत बसले," ती म्हणाली. "म्हणजे पोरीच्या पहिल्या गोलाला आपल्यातलं कुणीच ओरडलं नाही?"