माळ्यावरच्या गाद्या

उन्हात टाकलेल्या कापसाच्या गादीचा वास आला, की काचीगुड्यातला आमचा पत्र्याखालचा माळा आठवतो. तिथं नुसते ठेवलेले पापड आपोआप भाजायचे! "घर थंड करा, नाहीतर मी चालले माहेरी," म्हणत बायकोनं बॅग भरली. मी घरातल्या झाडून सगळ्या गाद्या माळ्यावर पसरल्या, पत्र्याखालचे बुजलेले झरोके उघडले; पत्र्याची धग वरच अडली आणि घराचं महाबळेश्वर झालं. बातमी चिक्कडपल्लीला चुलतभावाच्या घरी पोचली. तो चार पोरांसह महिनाभर गारव्याला राहायला आला. दुपारी जेवून म्हणाला, "दादा, आडवं व्हायला गाद्या?" दिल्या काढून. तासाभरात घराची भट्टी झाली. बायकोनं पुन्हा बॅग उचलली, पण तिच्याआधी भाऊच दारात: "नक्को दादा, आमचंच घर बरं!" तेव्हापासून पाहुणे यायचे म्हटलं, की बायको स्वतःच शिडी लावून गाद्या खाली काढायची.