राहून गेलेला प्रश्न

फौजदारी खटले लढवण्यात वकीलबाईंची बावीस वर्षं गेली होती. त्या उलटतपासणीला उभ्या राहिल्या की भल्याभल्या साक्षीदारांची बोबडी वळायची. अलीकडे मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्यांचेच हात गार पडत. घरांची खरेदीखतं करणारी त्यांची मैत्रीण वर्षभर मागे लागली होती, "ये माझ्याकडे. सुखाने जग." बाई हसण्यावारी नेत.

मग नर्सचा खटला आला. जास्त डोसाने रुग्ण दगावला आणि खापर तिच्या माथी फुटलं. डोस वाढवायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण तोंडी. ते साक्षीला आले त्या दिवशी बाईंचं डोकं नुसतं भणभणत होतं. "आणखी काही विचारायचं नाही," म्हणून त्या खाली बसल्या. घरी टिपणं चाळताना त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मुख्य प्रश्नच राहून गेला होता.

"कुणाच्या लक्षात आलंय का?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या आलंय ना!"

साक्षीदाराला परत बोलावण्यासाठी त्यांनी अर्ज केला. सुनावणीला नर्स मागच्या बाकावर ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"एवढा अनुभव असून कसं राहिलं?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

सबबी दहा होत्या. बाईंनी एकही पुढे केली नाही. "चूक माझी आहे, साहेब. तिची शिक्षा माझ्या अशिलाला नको."

न्यायाधीश कितीतरी वेळ कागद उलटत राहिले. नर्सने डोळे मिटून घेतले.

"एकच प्रश्न," ते शेवटी म्हणाले.

डॉक्टर पुन्हा पिंजऱ्यात आले.

"डोस कुणाच्या सांगण्यावरून वाढवला?"

डॉक्टरांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं, मग खाली. "माझ्या," ते पुटपुटले.

महिन्याभराने नर्स सुटली. "माझ्या भावाचं प्रकरणही तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

"मी फौजदारी सोडतेय गं."

"जिंकल्यावर?"

"पुढच्या वेळी असंच राहिलं आणि न्यायाधीश नाही म्हणाले, तर?"

नर्सने हळूच मान डोलावली. त्या भीतीत ती वर्षभर जगली होती.

मैत्रिणीच्या ऑफिसात पहिला आठवडा घरांच्या चतुःसीमा वाचण्यात गेला. बाई कंटाळून मेटाकुटीला आल्या. शुक्रवारी एका खरेदीखतावर विकणाऱ्याच्या बहिणीची सहीच दिसेना.

"तिचं काय काम?" तो गुरकावला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "अर्धं घर तिचं आहे. तिला घेऊन या, मग बघू."